पहिलेच दहा दिवसांचे विपश्यना शिबिर: अर्ज, गुडघे, गोळ्या आणि गळ्यातली तुळशीमाळ

अबोली:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी (वय ५४) आणि मुलगी (१८ पूर्ण) दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिराला जायचे म्हणतोय. आचार्य गोयंका यांच्या परंपरेतले, इगतपुरी किंवा पुण्याजवळचे मरकळ, जिथे जागा मिळेल तिथे. दोघींचेही पहिलेच. नियमावली वाचली आहे, तरी काही गोष्टी अडल्या आहेत.

मुलीने माझ्याबरोबर दहा दिवसांचे करावे, की १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सात दिवसांचे असते ते? तिला दोन वर्षांपूर्वी अचानक घाबरे होण्याचे झटके येत होते. सहा महिने गोळ्या चालल्या, आता बंद आहेत. हे अर्जात लिहिले तर नाकारतील का? काही जण म्हणतात लिहूच नका.

मांडी घालून अर्धा तास झाला की माझा उजवा गुडघा ठणकायला लागतो. थायरॉइडची आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे.

शेवटचे म्हणजे माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, रोजचा हरिपाठ आहे, एकादशी आहे. नियमावलीत जप, माळ, उपवास सगळे बंद. याचे काय करायचे?

पहाटघंटा:
अबोलीताई, अर्जापासून सुरुवात करते, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात.

झटक्यांचे लिहायचेच. "लिहू नका" हा सल्ला देणाऱ्यांना शिबिरात नेमके काय होते याची कल्पना नसावी. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे असते, रोज दहा तासांच्या आसपास. ज्याला घाबरे होण्याचा त्रास होऊन गेला आहे त्याचे श्वासाकडे एकटक लक्ष गेले की छातीत धडधड, श्वास अपुरा पडतोय असे वाटणे, हे पुन्हा जागे होऊ शकते. सहाय्यक आचार्यांना आधीच माहीत असेल तर त्या पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवतात, तिला बाहेर मोकळ्या हवेत पाठवतात, साधना हलकी करून देतात. माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशी मुलगी रडत खोलीत बसली आहे एवढेच कळते.

लिहिताना मोघम "पूर्वी थोडा तणाव होता" असे लिहू नका. त्रास कधी सुरू झाला, निदान काय झाले, कोणती गोळी किती मिलिग्रॅम, कधी बंद केली, डॉक्टरांच्या सल्ल्याने केली की मनाने, शेवटचा झटका कधी आला, हे सगळे चार ओळींत मावते. बऱ्याचदा केंद्राकडून डॉक्टरांचे पत्र मागतात. ते आधीच काढून ठेवले तर आठवडा वाचतो. गंभीर मानसिक आजार असेल तर प्रवेश देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी शिबिरासाठी म्हणून ती बंद करणे ही तर सगळ्यात धोक्याची गोष्ट. पण पूर्वी झटके येऊन गेले एवढ्यावरून सरसकट दार बंद होत नाही.

अर्जात आणखी एक रकाना असतो: बरोबर कोणी नातेवाईक किंवा ओळखीचे अर्ज करत आहे का. तिथे एकमेकींचे नाव लिहा आणि वेगळ्या खोल्या हव्यात असे नमूद करा. मायलेकी एका खोलीत असल्या की मौन टिकत नाही. आर्यमौन म्हणजे नुसते न बोलणे नव्हे. खाणाखुणा, नजरानजर, चिठ्ठी हेही त्यात आले. मुलगी जेवली का, झोपली का, हे बघण्यातच आईचे दहा दिवस निघून जातात.

रेकी किंवा तत्सम उपचारपद्धती करत असाल तर तेही लिहा. अर्ज स्वीकारल्याचे पत्र आले की काम संपले असे समजू नका. शिबिराच्या काही दिवस आधी "येत आहात का" अशी विचारणा येते, तिला ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर दिले नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या व्यक्तीला जाते. ईमेलमधला स्पॅमचा कप्पा बघत राहा.

शुल्क काही नाही, राहण्या-जेवणाचेही नाही. दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच, शेवटी, आणि तेही ऐच्छिक. जागा मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर त्याचा या परंपरेशी संबंध नाही.

माझ्या मते मुलीने आधी सात दिवसांचे करावे. वयाला साजेसे असते, बरोबरीच्या मुली असतात, आणि तिचा पूर्वीचा त्रास पाहता पहिला घास लहान घेतलेला बरा.

सांधे_आणि_स्नायू:
गुडघ्याबद्दल. मांडी घातल्यावर गुडघा दुखतो तिथे दोष अनेकदा खुब्याचा असतो. मांडी घालताना मांडीचे हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला वळावे लागते. खुर्चीवर बसून बसून तो सांधा आखडला असेल तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा हा दुमडण्यासाठी बनलेला सांधा आहे, पिळण्यासाठी नाही.

घरी एक तपासणी करा. जमिनीवर साधी मांडी घाला आणि आरशात बाजूने बघा. गुडघे कमरेपेक्षा उंच दिसत असतील तर बैठक उंच करावी लागेल. घट्ट घडी घातलेली सोलापुरी चादर बैठकीच्या फक्त मागच्या भागाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे कमरेच्या खाली येईपर्यंत उंची वाढवत न्या; बहुतेकांना चार ते सहा इंच लागतात. इतकी उंची घेतली की पाठ आपोआप सरळ राहते. मग गुडघा आणि जमीन यांत फट उरली असेल तर तिथे छोटी उशी सारा. लोंबकळता गुडघा वीस मिनिटांत दुखतो, टेकलेला तासभर टिकतो. पाय एकावर एक चढवू नका. एक पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीवर.

आजपासून सराव सुरू करा. पहिला आठवडा रोज २० मिनिटे, दुसरा ३०, तिसरा ४०, चौथा ४५. दिवसातून दोनदा, दर वेळी पुढचा पाय बदलून. त्याआधी पाच मिनिटे खुबे मोकळे करा: पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि खालची मांडी छातीकडे ओढायची, प्रत्येक बाजूला मिनिटभर.

हॉलमध्ये हमखास होणारी चूक अशी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखायला लागले की लोक उशांमागून उशा आणतात. रोज बैठक बदलली की दुखणे गुडघ्यातून कमरेत, कमरेतून खांद्यात फिरते आणि कोणत्याच बैठकीची सवय लागत नाही. घरी ठरवलेली मांडणी तशीच ठेवा आणि निदान दोन दिवस तिच्यात बदल करू नका.

दोन इशारे. पाय बधिर झाला असेल तर घंटा झाली म्हणून लगेच उठू नका. पाय लांब करून बोटे हलवा आणि पूर्ण जाणीव आल्यावरच वजन टाका. बधिर पावलावर उभे राहून घोटा मुरगळण्याचे प्रकार होतात. रक्तदाबाच्या गोळीवर असणाऱ्यांनी तर आधी गुडघ्यांवर, मग उभे, असे दोन टप्प्यांत उठावे. तासभर बसून झटक्यात उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरे असे की बसलेले असताना दुखणे आणि उठून चालल्यावर पाच-दहा मिनिटांत थांबणे हे चालण्यासारखे आहे. चालतानाही दुखते, सांधा सुजला आहे किंवा अडकतो आहे, तर खुर्ची मागा. गुडघ्याचा दाखला असेल तर अर्जाबरोबरच पाठवा. खुर्चीवर बसून साधना उणी होत नाही.

कार्तिकवारी:
माऊली, माळेचा प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नियम असा आहे की शिबिराच्या काळात पूजा, जप, मंत्र, माळ, उपवास, धूप-दीप सगळे बाजूला ठेवायचे. हे वाईट आहेत असे तिथे कोणी म्हणत नाही; गोयंकाजींच्या सूचनांतही ते स्पष्ट सांगितलेले आहे. कारण पद्धतीत आहे. श्वासाला नाम जोडले की मन पटकन एकाग्र होते, हा आपल्या सगळ्यांचा रोजचा अनुभव. पण या साधनेत एकाग्रता हे शेवटचे ठिकाण नाही. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या बारीक संवेदना जशा आहेत तशा बघायच्या असतात. मनात नाम चालू असले की त्या नामाचीच लय अंगभर पसरते आणि खालची मूळ संवेदना झाकली जाते. पहिल्या दिवशी सोपे वाटले म्हणून नाम धरून ठेवणाऱ्यांना पाचव्या दिवशी "मला तर काहीच जाणवत नाही" असा अनुभव येतो, त्याचे हे एक मोठे कारण.

नाम आपोआप उमटले तर? वर्षानुवर्षांची सवय आहे, उमटणारच. त्याच्याशी भांडू नका, पुढे चालवूही नका. उमटले हे कळले की पुन्हा श्वासावर या. मुद्दाम सुरू करणे आणि आपोआप येणे यांत फरक आहे, आणि आचार्यांना विचारले तर तेही हेच सांगतील.

गळ्यातल्या माळेचे मात्र आधी विचारून घ्या. बरोबर नेलेली जपमाळ, ताईत, अंगारा हे कार्यालयात जमा होते. गळ्यातली तुळशीमाळ उतरवायला वारकऱ्याचे मन धजत नाही. नोंदणीच्या रांगेत उभे राहून यावर वाद घालण्यापेक्षा जागा पक्की होण्याआधीच केंद्राला ईमेल करा, आणि उतरवावी लागेल असे उत्तर आले तर घरी बसून शांतपणे ठरवा.

एकादशीचे सोपे आहे: पंचांग बघून तारखा निवडा. आगमनाचा आणि निघण्याचा दिवस धरून शिबिर बारा तारखा व्यापते. एकादशी पंधरवड्यातून एकदा येते, म्हणजे शोधले तर दोन एकादशींच्या मधली जागा सापडते, पण ती जेमतेम असते. ते जमले नाही तर फराळ वेगळा मिळणार नाही आणि उपवासही करता येणार नाही, हे धरून चला.

आणि खरेच सांगतो, हे सगळे दहा दिवस बाजूला ठेवायला मन राजी नसेल तर जाऊ नका. अर्ध्या मनाने तिथे बसण्यापेक्षा गावच्या सप्ताहात पारायणाला बसा. तिथेही सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत नेम असतो, आणि तो तुमच्या साधनेच्या ओळीत बसतो. दोन्ही जागा चांगल्या आहेत, पण एकात दुसरे मिसळले की दोन्हींचे नुकसान होते.

मधला_मार्ग:
वरचे तिन्ही प्रतिसाद उत्तम. एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे, ते शेवटी लिहितो. आधी दिनक्रम, कारण तयारी त्यावरूनच ठरते.

पहाटे ४ ला घंटा. ४:३० ते ६:३० साधना, मग नाश्ता. ८ ते ९ सामूहिक साधना, ९ ते ११ पुन्हा. ११ ला जेवण, आणि दिवसाचे ते शेवटचे पूर्ण जेवण. १२ ते १ या वेळेत आचार्यांना भेटून शंका विचारता येतात. नाव आधी नोंदवायचे असते. १ ते ५ साधना, त्यात २:३० ते ३:३० सामूहिक. ५ वाजता चहा आणि नव्या साधकांना थोडे फळ, कुरमुरे वगैरे. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. ६ ते ७ सामूहिक, ७ ते सव्वाआठ ध्वनिमुद्रित प्रवचन, ९ पर्यंत साधना, ९:३० ला दिवे बंद.

यातून तयारी अशी निघते. रात्री साडेबाराला झोपणाऱ्याने दोन आठवडे आधीपासून झोप रोज पंधरा मिनिटे अलीकडे आणावी, नाहीतर पहिले तीन दिवस डुलक्यांत जातात. चहा-कॉफी दिवसाला चार-पाच कप असेल तर आठवडाभरात दोनवर आणा. ती एकदम तुटली की दुसऱ्या दिवशी डोके फुटायची वेळ येते आणि दोष साधनेला जातो. तंबाखू, मिश्री, सुपारी आत चालत नाहीच. निदान पंधरा दिवस आधी सोडावी, म्हणजे सुटण्याचा त्रास आणि शिबिराचा अवघड दुसरा दिवस एकत्र येणार नाहीत. रात्रीचे जेवण आधीच्या आठवड्यात सातच्या आत आणि हलके करत आणा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. नाश्ता साडेसहाला असतो, त्यामुळे पहाटे ४ ला उठल्याबरोबर पाण्याबरोबर घेतलेली सगळ्यांत सोयीची. रक्तदाबाची तुमच्या नेहमीच्याच वेळेला. बारा दिवसांच्या ऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या न्या, चिठ्ठीसह. मधुमेह असणाऱ्यांनी तर रात्रीच्या खाण्याची सवलत आधीच मागून घ्यावी, ती मिळते.

पोट हा न बोलला जाणारा विषय. हालचाल कमी, जागा नवी, बसणे जास्त, यामुळे बद्धकोष्ठ जवळपास ठरलेले. उपाय साधे आहेत: सकाळी कोमट पाणी, जेवणानंतर आखून दिलेल्या वाटेवर वीस मिनिटे चालणे, आणि पोट पाऊण भरणे. "आता उद्यापर्यंत काही नाही" या भीतीने अकरा वाजता दुप्पट जेवले की एक ते अडीचची बैठक झोपेत जाते आणि रात्री गॅस धरतो.

सामानात विसरल्या जाणाऱ्या वस्तू: साधे गजराचे घड्याळ (मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो), विजेरी, कुलूप, पहाटेच्या हॉलसाठी शाल आणि मोजे, सॅनिटरी पॅड. डिसेंबरात इगतपुरीला पहाटे चांगलीच थंडी असते. कपडे सैल, बाह्यांचे, पारदर्शक नसलेले, पाच-सहा जोड. सळसळ करणारे जॅकेट नको, शांत हॉलमध्ये तो आवाज पन्नास जणांना ऐकू जातो. अत्तर, वासाचे तेल नको. वही-पेन, पुस्तक काही नको.

साधनेचा क्रम थोडक्यात: साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नुसते श्वासाकडे लक्ष देणे, चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना, त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठकांत अधिष्ठान, म्हणजे तासभर डोळे, हात, पाय न हलवण्याचा निश्चय. पहिल्या प्रयत्नात तो मोडतो. मोडला तर शांतपणे पाय बदला आणि पुढच्या वेळी दोनाऐवजी एकदाच बदलायचे एवढेच ठरवा. दात-ओठ खाऊन तास काढणे हा उलटा अभ्यास आहे, कारण शिकायची आहे ती समता, म्हणजे मन डळमळू न देणे; ही सहनशक्तीची परीक्षा नव्हे. दुसरा आणि सहावा दिवस अनेकांना जड जातो, पिशवी भरून निघावेसे वाटते. त्या दिवशी निर्णय घेऊ नका, आचार्यांना भेटा.

आधी काही शिकून जावे का? नाही. व्हिडिओ बघून अंगभर लक्ष फिरवायचा सराव करू नका. चुकीची सवय मोडायला दोन दिवस जातात. बसण्याचा सराव मात्र जरूर करा.

आता मतभेद. पहाटघंटा यांनी मुलीला सात दिवसांचे सुचवले. काळजी रास्त आहे. पण ती शिबिरे मुख्यतः शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत असतात, डिसेंबरात जागा मिळेलच असे नाही, आणि त्यांत साधना तीच आहे, श्वासही तोच. तिच्यासाठी खरा प्रश्न दिवस सात की दहा हा नाही. तिला स्वतःला जायचे आहे का, आणि शेवटच्या झटक्याला किती काळ लोटला, हा आहे. शेवटचा झटका अलीकडचा असेल तर दोन्ही नकोत, तिच्या वयाला चालत असेल तर आधी एक दिवसाचे आनापान शिबिर करून श्वासाकडे लक्ष दिल्यावर काय होते ते बघा. वर्षभर काही झालेले नसेल, डॉक्टर हो म्हणत असतील, आणि ती आईच्या आग्रहाखातर येत नसेल, तर दहा दिवसांचेही करू शकते.

पहाटघंटा:
मधला_मार्ग, पटले. एक दिवसाच्या आनापानाची सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे.

अबोलीताई, मुलीला तीन गोष्टी आजच सांगून ठेवा. एक, श्वास मुद्दाम खोल किंवा जलद घ्यायचा नाही. जाणवत नसेल तर काही क्षण किंचित जोराने, मग लगेच नैसर्गिक. सतत ओढून घेतलेल्या श्वासाने हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि झटका आला असे वाटून खराच येतो. दोन, घाबरे वाटले तर डोळे उघडायला परवानगी लागत नाही. तळवे आणि पावले जिथे टेकली आहेत तिथला स्पर्श बघायचा, आणि तरी थांबले नाही तर उठून धम्मसेविकेला, म्हणजे मदतीला असलेल्या स्वयंसेविकेला, सांगायचे. मौन हे इतर साधकांशी आहे. सेविका आणि आचार्यांशी बोलता येते. कितीतरी मुली हे न समजल्यामुळे गप्प बसून सोसतात. तीन, झोप कमी होणे तिथे नेहमीचेच आहे, पण सलग दोन रात्री डोळाच लागला नाही, विचारांचा वेग आवरत नाही, आवाज ऐकू येतात, आजूबाजूच्यांचा संशय येतो, स्वतःचे शरीर परके वाटते, यांतले काहीही झाले तर दुपारच्या बाराची वाट बघायची नाही. त्याच क्षणी सांगायचे. अशा वेळी शिबिर मध्येच थांबवणे म्हणजे अपयश नव्हे.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीशी बोलले. शेवटचा झटका चौदा महिन्यांपूर्वीचा, आणि जायचे तिलाच जास्त आहे. आधी एक दिवसाचे आनापान, मग डॉक्टरांचे पत्र, मग अर्ज असे ठरवले. माळेबद्दल ईमेल आज पाठवते. शेवटच्या दिवशी परतीची गाडी सकाळी किती वाजताची धरू? आणि घरच्यांना काही निरोप द्यायचा असला तर?

मधला_मार्ग:
अकराव्या दिवशी पहाटे साडेचारला शेवटचे प्रवचन असते, ते साडेसहाच्या सुमारास संपते. मग नाश्ता, खोलीची आणि स्वच्छतागृहाची सफाई, जमा केलेले सामान परत घेणे. साडेसात-आठच्या आधी दाराबाहेर पडता येत नाही. इगतपुरीहून दहाच्या आधीची गाडी धरू नका. मौन दहाव्या दिवशी सकाळी, मैत्री साधनेनंतर (सर्वांचे भले चिंतण्याची साधना) सुटते. तो दिवस बाहेरच्या जगाची सवय व्हावी म्हणूनच ठेवला आहे, त्यामुळे दहाव्या दिवशी संध्याकाळी निघू द्या असे सांगून ठेवू नका.

घरी केंद्राच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि तुमचे अर्जावरचे पूर्ण नाव लिहून ठेवा. तातडीचा निरोप कार्यालयातून तुमच्यापर्यंत पोहोचवतात. पण तातडीचा म्हणजे काय हे घरच्यांशी निघण्याआधीच बोलून घ्या. गॅस सिलिंडर, वीजबिल, बँकेचा हप्ता, कामवालीचा पगार ही सगळी कामे आधीच उरकून टाका, कारण ती आठवतात नेमकी तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता.

कार्तिकवारी:
अकराव्या दिवसाच्या संध्याकाळी हरिपाठ पुन्हा सुरू करायला काहीच हरकत नाही, माऊली. फक्त विपश्यनेची बैठक वेगळ्या वेळेला, आणि मध्ये निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवा.